न दिसणाऱ्या धोक्याची किंमत

थंडीचे दिवस सुरू झाले की वृत्तपत्रांच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी अधूनमधून दिसू लागते. स्नानासाठी गेलेली व्यक्ती बराच वेळ बाहेर आली नाही. हाकांना उत्तर मिळेना म्हणून दार फोडले. ती आत निश्चेष्ट पडलेली आढळली. न्हाणीघरात गॅस गीझर चालू होता. वाचक हळहळतो, ‘गॅस गळत असेल’ असे मनाशी म्हणतो आणि पान उलटतो. वस्तुतः अशा बहुतेक घटनांत गॅस गळत नसतो. तो जळत असतो. आणि नेमकी हीच गोष्ट समजून घेण्याची आहे.

कोणतेही इंधन जळताना त्याला हवेतील प्राणवायू लागतो. तो पुरेसा मिळाला तर ज्वलन पूर्ण होऊन कार्बन डाय-ऑक्साइड व पाण्याची वाफ तयार होते. तो अपुरा पडला की कार्बन मोनॉक्साइड निर्माण होऊ लागतो. येथे एक ढोबळ हिशेब करून पाहण्यासारखा आहे. मिनिटाला ६ लिटर पाणी तापविणारा गीझर पूर्ण क्षमतेने चालला, तर तासाला सुमारे एक किलो गॅस जाळतो, आणि तेवढा गॅस जळण्यास साधारण १२ घनमीटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या स्नानात दोन घनमीटर. आपल्याकडील चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच अशा न्हाणीघरात मुळात हवा असते ती अवघी साडेपाच घनमीटर! दार बंद, झरोका थंडीसाठी बंद, अशा खोलीत माणूस आणि ज्योत एकाच तुटपुंज्या साठ्यावर जगत असतात, आणि ज्योतीची भूक माणसाहून कितीतरी मोठी असते.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट जोडला जातो. परिणामी श्वास चालू असतो, परंतु शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोके दुखते, मळमळते, भोवळ येते. ‘पित्त झाले असेल’ किंवा ‘गरम पाण्याने चक्कर आली असेल’ असा समज होतो. बाहेर पडावे असे वाटेपर्यंत पायांतील बळ गेलेले असते. आपल्याकडील मज्जातंतुतज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकांत ‘गॅस गीझर सिंड्रोम’ या नावाने अशा रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आहेत. न्हाणीघरात बेशुद्ध पडलेल्या माणसाला अपस्माराचा झटका आला असावा, असा समज त्यांत सहज होऊ शकतो. करोनाच्या साथीनंतर पुष्कळ घरांत आलेला ऑक्सिमीटरही येथे फसवा ठरतो. साध्या ऑक्सिमीटरला प्राणवायूने भरलेले आणि कार्बन मोनॉक्साइडने भरलेले हिमोग्लोबिन यांतील फरक कळत नाही. रुग्ण अत्यवस्थ असतानाही तो समाधानकारक आकडा दाखवू शकतो.

हा विषारी वायू काही नवा नाही. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला १९०२ साली पॅरिसमधील आपल्या शयनगृहात याच वायूने मृत्यू पावला. शेकोटीचे धुराडे तुंबले होते. आपल्या जुन्या घरांतही चूल होती, तांब्याचा बंब होता. परंतु बंबाला धुराचे नळकांडे असे, तो बहुधा मागील पडवीत नाही तर अंगणात पेटवला जाई, आणि मुख्य म्हणजे लाकडाचा धूर डोळ्यांना झोंबे. त्या धुराने फुप्फुसांचे नुकसान केले हे खरे. पण तो माणसाला खोलीबाहेरही काढत असे. जेथे धूर नव्हता तेथे जुन्या काळीही धोका होताच. बाळंतिणीच्या बंद खोलीत ठेवलेली फुललेल्या निखाऱ्यांची शेगडी हे त्याचे घरगुती उदाहरण होय. आजचा गीझर निळ्या, स्वच्छ ज्योतीने जळतो. इंधनाची प्रगती झाली आणि तिच्याबरोबर धुराची ती फुकटची सूचनाही गेली.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने खरा प्रश्न येथे सुरू होतो. एखाद्या वस्तूला मागणी येते ती तिची गरज जाणवल्यावर. कुलूप विकत घ्यावे लागते हे कोणाला शिकवावे लागत नाही, कारण चोर कल्पनेला दिसतो. जो धोका पाच ज्ञानेंद्रियांपैकी एकालाही जाणवत नाही, त्याच्यापासून बचाव करणाऱ्या वस्तूची मागणी बाजारात आपोआप निर्माण होत नाही. म्हणूनच घरोघरी गीझर पोचला, पण कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा डिटेक्टर बहुसंख्य मध्यमवर्गीयांनी पाहिलेलाही नाही. त्याची किंमत बहुधा गीझरहून कमीच असते.

या संदर्भात एक इतिहास उद्‌बोधक आहे. १९३७ साली टेक्सासमधील न्यू लंडन या गावी शाळेत साचलेल्या गंधहीन नैसर्गिक वायूचा स्फोट झाला आणि सुमारे ३०० मुले व शिक्षक मृत्युमुखी पडले. त्यानंतर अशा वायूत उग्र वासाचे द्रव्य मिसळण्याची सक्ती झाली. आपल्या सिलिंडरमधील गॅसला येणारा वास हा त्याचा स्वतःचा नव्हे. तो मुद्दाम घातलेला असतो. अदृश्य धोका जाणवेल असा करणे ही समाजाची जबाबदारी आहे, हे तत्त्व आपण गळणाऱ्या गॅसच्या बाबतीत केव्हाच मान्य केले. कार्बन मोनॉक्साइडला असा वास देता येत नाही, कारण तो कोठल्या कारखान्यातून येत नाही; तो आपल्याच घरात तयार होतो, आणि ज्योतीत मिसळलेला वासही जळून जातो. तेव्हा त्याचा ‘वास’ यंत्रालाच घ्यावा लागतो.

१९६८ साली टॉमस शेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने एका निबंधात मानवी स्वभावातील एक विसंगती दाखविली होती. अमुक एका मुलीला शस्त्रक्रियेसाठी पैसे हवेत असे कळताच मदतीचा ओघ सुरू होतो. पण अपुऱ्या सोयींमुळे पुढे काही माणसे दगावतील, असे म्हटले तर कोणी खिशात हात घालत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळचे आठ प्रवासी, त्यांत चार मुले, मृत्युमुखी पडले. बंद खोलीतील गॅस हीटर हेच त्याचे कारण असल्याचे सांगण्यात आले. त्या बातमीने देश हळहळला. परंतु पुढील हिवाळ्यात जे आठजण जाणार असतील त्यांना नाव नाही, चेहरा नाही. म्हणून त्यांच्यासाठी खर्च करण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

भाड्याच्या घरांत हा प्रश्न अधिकच बिकट होतो. गीझर कोणता व कोठे बसवायचा हे घरमालक ठरवतो. स्नान भाडेकरू करतो. खर्चाची बचत एकाची आणि जोखीम दुसऱ्याची, अशी विभागणी झाली की बाजार सुरक्षिततेला अनुकूल राहत नाही. पुण्यासारख्या शहरात खोली घेऊन राहणारा विद्यार्थी भाडे विचारतो, पाणी किती वेळ येते ते विचारतो. गीझर न्हाणीघरात आहे की बाहेर, हे तो विचारत नाही. कारण हा प्रश्न विचारायचा असतो हेच त्याला कोणी सांगितलेले नसते.

इतर देशांनी यावर कायद्याचा मार्ग काढला. शिकागो शहराने १ ऑक्टोबर १९९४ पासून घरांत असे डिटेक्टर बसविणे सक्तीचे केले. इंग्लंडने २०१५ साली भाड्याच्या ज्या खोल्यांत लाकूड-कोळसा जाळण्याची सोय आहे तेथे ही जबाबदारी घरमालकावर टाकली आणि २०२२ साली, स्वयंपाकाच्या गॅसचा अपवाद सोडून, इंधनावर चालणारे कोणतेही कायमचे उपकरण असलेल्या खोल्यांपर्यंत ती वाढविली. अर्थात शिकागोचा अनुभव सावधगिरीही शिकवतो. त्याच वर्षीच्या डिसेंबरात शहरावर दूषित हवा कोंडून राहिली, डिटेक्टर घरोघरी वाजू लागले आणि अग्निशमन दलाला एका दिवसात हजाराहून अधिक दूरध्वनी आले. यंत्र किती प्रमाणाला आणि किती वेळाने वाजावे याची मानके पुढे सुधारावी लागली. सक्तीच्या आधी मानक हवे, हा त्याचा धडा.

आपल्याकडे तर डिटेक्टर हा पहिला नव्हे, दुसरा उपाय मानला पाहिजे. पहिला उपाय म्हणजे गीझर न्हाणीघराबाहेर, खुल्या हवेत बसवणे, किंवा त्याचा उत्सर्ग नळीने थेट बाहेर सोडणे. अनेक सदनिकांत तो ड्राय बाल्कनीत असतो, हे ठीकच. परंतु तीच बाल्कनी सरकत्या काचा लावून बंद केली की ती दुसरे न्हाणीघर होते. डिटेक्टर न्हाणीघराच्या दमट हवेत नीट चालत नाही, म्हणून तो बाहेरच्या वाटेवर किंवा शयनगृहापाशी लावावा. त्यातील संवेदक बहुधा पाच ते दहा वर्षांत निकामी होतो. त्यावर छापलेली मुदत पाहून तो बदलावा. धुराची सूचना देणारे यंत्र हे काम करीत नाही, हेही लक्षात ठेवावे. आणि यंत्र वाजले किंवा कोणी कोसळले, तर दारे-खिडक्या उघडून, गीझर बंद करून माणसाला मोकळ्या हवेत न्यावे व डॉक्टरांना गीझरचा उल्लेख आवर्जून करावा. साध्या हवेत रक्तातील या वायूचे प्रमाण निम्मे होण्यास चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास सुमारे दीड तास पुरतो.

शासनाला येथे फार मोठा खर्च करावयाचा नाही. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यान्वये भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. त्या करारात गीझर कोठे आहे, त्याला हवेची सोय काय आणि डिटेक्टर आहे किंवा नाही, एवढे एक कलम घालता येईल. गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सभेत आपल्या इमारतीतील गॅस गीझरांची पाहणी करण्याचा ठराव करता येईल. आणि जो कारागीर गीझर बसवतो, त्याने बंद न्हाणीघरात तो बसवण्यास नकार द्यावा, अशी शिस्त विक्रेत्यांनाच लावता येईल.

हे होईल तेव्हा होईल. तोवर वाचकाने आज घरी गेल्यावर एवढेच पाहावे, की आपल्या गीझरची ज्योत कोणाच्या वाट्याची हवा जाळते आहे.