खासदार नाशिकचा, पाणी कोणाचे?

आमच्या नाशिकला पाहुणे आले की परत जाताना त्यांच्या हाती द्राक्षांची पेटी आणि चिवड्याची पुडी पडायचीच. पाहुणेही म्हणतात, “वा! नाशिकची द्राक्षे ती नाशिकची द्राक्षे!” कोणीही त्यांना सांगत नाही, की लोकसभेच्या हिशेबात ही द्राक्षे बहुतेक दिंडोरीची आहेत. कांद्याचे लासलगाव दिंडोरी मतदारसंघात, ओझरचा विमानांचा कारखाना दिंडोरीत, इतकेच काय, नाशिकचे विमानतळही दिंडोरीत! २००८ साली मतदारसंघांची नवी आखणी झाली आणि २००९ पासून जिल्ह्याचे असे वाटप झाले. भावाभावांची वाटणी झाली की देवघर एकाकडे आणि विहीर दुसऱ्याकडे जाते, त्यातलाच हा प्रकार.

मग नाशिकच्या वाट्याला उरले काय? सहा विधानसभा क्षेत्रे. नाशिक पूर्व, मध्य आणि पश्चिम ही तीन शहरातली. चौथे देवळाली, तेथे तोफखान्याची छावणी आणि भोवतालची खेडी. पाचवे सिन्नर आणि सहावे इगतपुरी, ज्यात त्र्यंबकेश्वरही येते. नोटा छापणारा नाशिकरोडचा छापखाना, सातपूर-अंबडचे कारखाने, सिन्नरच्या विड्या आणि औद्योगिक वसाहती, काळाराम आणि रामकुंड हे सारे याच चौकटीत बसते. चौकट लहान, पण तिच्यात दोन हवामाने नांदतात. इगतपुरीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तेथून मोटारीने दोन तासांत सिन्नरच्या पूर्वेला जा, तो त्याच्या पाचव्या हिश्शाइतकाही पडेलच असा भरवसा नाही.

राजकारणातही हा मतदारसंघ कधी एका चालीने चालला नाही. १९५२ साली येथून काँग्रेसचे गोविंद हरी देशपांडे निवडून गेले. १९५७ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड लोकसभेत गेले. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो वर्षानुवर्षे नेटाने चालविण्यात दादासाहेब आघाडीवर होते. ज्या गावात देवळाचे दार उघडले नाही, त्याच गावाच्या नावाने ते सत्तावीस वर्षांनी संसदेच्या दारातून आत गेले! पुढे १९६३ च्या पोटनिवडणुकीत, चीनच्या आक्रमणानंतर संरक्षणमंत्री झालेल्या यशवंतराव चव्हाणांना नाशिकने बिनविरोध दिल्लीला पाठविले. त्यानंतर मात्र आमचा स्वभाव बदलला असावा. १९७७ ते २००९ या दहा निवडणुकांत आम्ही दहा निरनिराळे खासदार निवडले. शेतकरी कामगार पक्ष, काँग्रेस, भाजप, शिवसेना, राष्ट्रवादी असे सर्वांना एकेकदा तरी पाटावर बसवून पाहिले. लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून येण्याचा मान २०१९ साली हेमंत गोडसे यांना मिळाला. २०२४ साली सिन्नरच्या राजाभाऊ वाजे यांनी त्यांना दीड लाखाहून अधिक मतांनी हरविले. त्यात सिन्नरकरांच्या मतांचा वाटा फार मोठा होता.

त्या निवडणुकीत, २० मे २०२४ रोजी, प्रस्तुत लेखकाची नेमणूक मतदान केंद्राध्यक्ष म्हणून इगतपुरी तालुक्यातल्या एका पाड्यावर झाली होती. मराठीच्या प्राध्यापकाला वर्षानुवर्षे संत आणि पंत शिकविल्यावर एक दिवस लोकशाहीही शिकायला मिळते, ती अशी. सकाळी सात वाजता शाळेबाहेर रांग लागली. रांगेत माणसे कमी आणि हंडे जास्त! बाया हंड्यांनी आपली जागा धरून सावलीला बसल्या होत्या. मतदान झाले की तशाच पुढे पाण्याला जायचे. सत्तरीच्या एका आजींच्या बोटाला शाई लावली, तेव्हा त्यांनी विचारले, “गुरुजी, धरण आमच्या दारात अन् पाणी दीड कोसावर. हे कसं वो?”

मी काय उत्तर देणार? केंद्राध्यक्षाला त्या दिवशी मत नसते आणि मतही देता येत नाही, असे विनोदाने सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न घरापर्यंत सोबत आला.

त्याचे उत्तर नकाशात आहे. वैतरणेवर इगतपुरी तालुक्यात बांधलेल्या धरणाचे पाणी मुंबईला जाते. दारणा धरण शंभर वर्षांहून जुने. त्याचे पाणी नांदूरमधमेश्वरच्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याचे ऊस पिकवते. २००५ च्या कायद्याने खोऱ्यातल्या पाण्याचे समन्यायी वाटप ठरले, म्हणून तुटीच्या वर्षी, जसे २०१५ आणि २०२३ साली, नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडावे लागले. गंगापूर धरणाचे पाणी आम्हा शहरवासीयांच्या नळाला येते. यातले काहीच अन्यायाचे म्हणता येणार नाही. तहान मुंबईलाही आहे आणि मराठवाड्याला तर आपल्याहून अधिक. पण ज्याच्या शेतावर धरण झाले, त्याच्या दाराशी नळ आधी यावा, एवढे तरी हिशेबात बसायला नको का?

हे दुखणे एकट्या इगतपुरीचे नाही. इंग्लंडच्या शेजारच्या वेल्समध्ये ट्रायवेरिन नावाचे खोरे आहे. लिव्हरपूल शहराला पाणी हवे म्हणून १९५७ साली ब्रिटिश पार्लमेंटने तेथे धरण बांधण्याचा कायदा केला. वेल्सच्या जवळजवळ सर्व खासदारांचा विरोध होता, पण ते मूठभर! १९६५ साली कापेल केलिन हे गाव प्रार्थनामंदिर, शाळा आणि घरांसकट बुडाले. लिव्हरपूलच्या नगरपालिकेने माफी मागितली, ती २००५ साली. चाळीस वर्षांनी आलेल्या माफीने पाणी ओसरत नाही.

आमच्याकडेही मतांची मोजणी अशीच चालते. सहापैकी तीन क्षेत्रे शहराची. उमेदवार उड्डाणपुलांविषयी, कारखान्यांविषयी आणि २०२७ च्या सिंहस्थाविषयी बोलतो, कारण आपण तेवढेच विचारतो. विखुरलेल्या पाड्यांवरचे हंडे त्याला मोटारीतून दिसत नाहीत. सिन्नरने एकजुटीने मत टाकले, तेव्हा निकाल फिरला. पाड्यांना ते बळ नाही. ते आपल्याला आहे.

म्हणून, वाचकहो, यंदा अभ्यंगस्नानाला बंबातले ऊन पाणी अंगावर घ्याल, तेव्हा ते कुठल्या डोंगरावर पडले याची क्षणभर आठवण करा. आणि पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारी आले, की चहा जरूर द्या. पण त्याबरोबर त्या आजींचा प्रश्नही विचारा. मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. त्यांना द्यावे लागेल.