मृगाचें वाहन

नवें पंचांग घरांत आलें कीं मोठीं माणसें त्यांत मुहूर्त पाहतात, आणि मुलांचें लक्ष असतें तें यंदा मृग कशावर बसून येतो याकडे. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असला तर पाऊस भरपूर. कोल्हा किंवा मेंढा असला तर ओढ. घोडा असला तर पाऊस डोंगरमाथ्यावर. या वाहनांची मौज मलाही वाटते. परंतु तीं ठरतात कशीं हें पाहिलें म्हणजे मौजेपलीकडे त्यांचें मोल किती तेंही कळतें.

सूर्य नव्या नक्षत्रांत शिरतो त्या वेळीं चंद्र कोणत्या नक्षत्रीं आहे तें पाहावयाचें. सूर्यनक्षत्रापासून तेथपर्यंत मोजून आलेल्या संख्येस ९ नें भागावयाचें, आणि बाकीवरून वाहन ठरवावयाचें. बाकी एक उरली तर घोडा, दोन उरली तर कोल्हा, शून्य आली तर हत्ती. या गणितांत ना वारा, ना ढग, ना समुद्र. नक्षत्रें २७ आणि वाहनें ९; तेव्हां प्रत्येक वाहनाच्या वांट्यास बरोबर तीन स्थानें येतात. मुंबई पाण्याखालीं गेली त्या २००५ सालीं हत्तीला जेवढा वाव होता, तेवढाच तो १९७२ च्या दुष्काळांतही होता. शिवाय कोंकण आणि माणदेश या दोघांना एकच हत्ती पुरवावयाचा! पण बेडकावर विसंबून जिरायत जमिनींत बीं टाकलें आणि पुढें पंधरा दिवस ऊन पडलें, तर दुबार पेरणीचें कर्ज बेडूक फेडीत नाहीं.

मग नक्षत्रेंही टाकून द्यावयाचीं काय? मुळींच नाहीं. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचें. अधिक मासानें तें सांवरून घेतात, पण तोंवर आषाढाचा आरंभ जवळजवळ महिनाभर मागेंपुढें होतो. अशा महिन्यावर पेरणी कशी बांधावी? सूर्यनक्षत्रें मात्र ऋतूला धरून चालतात. मृग ७-८ जूनला लागतो, आणि पुण्यामुंबईकडे मोसमी पाऊस सरासरीनें १०-११ जूनला पोहोंचतो. एकेक नक्षत्र साडेतेरा दिवसांचें. शेतकरी पेरणी, लावणी, खुरपणी यांविषयीं याच मापानें बोलतो. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. पुढें सासवांचा आणि सुनांचाही पाऊस आहे.

हें मापही अगदीं अचल नव्हे. अयनगतीमुळें सुमारें ७२ वर्षांस तें एक दिवस सरकतें. वराहमिहिराच्या काळीं, म्हणजे सहाव्या शतकांत, ऋतूंच्या हिशेबानें सूर्य मृगांत आजच्यापेक्षां सुमारें २० दिवस आधीं शिरत असे. आजची मृगाची पेरणी त्या वेळीं आर्द्रेंत पडली असती. ‘पूर्वापार’ हा शब्द आपण किती सैलपणें वापरतों!

पाऊस परतीला लागतो तेव्हां, सप्टेंबरअखेर, सूर्य हस्तांत जातो. हस्त म्हणजे हात. पण लोकांनीं त्याचा हत्ती केला, आणि तो पाटावर किंवा भिंतीवर काढून मुलींनीं हादगा मांडला. पहिल्या दिवशीं एक गाणें आणि एक खिरापत, दुसऱ्या दिवशीं दोन, असें चढत चढत सोळाव्या दिवशीं सोळा. नक्षत्र साडेतेरा दिवसांचें आणि हादगा सोळा दिवसांचा. पण तेथें हिशेब कोण विचारतो? डबा हालवून, आवाजावरून आंतली खिरापत ओळखावयाची असते, आणि घरच्या बाईंचा सारा कस ती कोणाला ओळखूं न येण्यांत लागतो.