घास उचलणारी बोटं

भाताचा घास करताना बोटं मुळाशी वाकतात आणि पुढे जवळजवळ सरळ राहतात. हे काम तळहातातल्या चिमुकल्या स्नायूंचं. कोपर कुठे आपटलं की ज्या शिरेतून करंट लागल्यासारखं होतं, ती अल्नर शीर कुष्ठरोगात सुजते, आणि यातले बरेचसे स्नायू लुळे पडतात. मनगटाशी मीडियन शीरही गेली, की उरलेलेही. मग कोपराखालच्या दणकट स्नायूंच्या कंडरा बोटांना मुळाशी मागे आणि पेरांत आत खेचतात. असा हात पेला धरायला गेला, तर नखंच पेल्याला पुढे ढकलतात.

१९४७ साली मद्रासजवळच्या चिंगलपुटच्या कुष्ठरोग आश्रमात शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी अशाच एका वाकड्या हातात आपला हात दिला आणि दाबायला सांगितलं. पकड इतकी जबर होती की ते कळवळले. हात मेलेला नव्हता! त्यातले काही स्नायू धडधाकट होते, नुसते जागच्या जागी अडकून पडले होते. मला हा क्षण फार मोठा वाटतो, कारण तोवर वैद्यकानेही हे हात वाऱ्यावर सोडले होते.

पुढे वेल्लोरला त्यांनी या उरलेल्या ताकदीचा माग काढला. प्रत्येक बोटाला आत वळवणाऱ्या दोन कंडरा असतात. त्यातली एक लुळ्या स्नायूंच्या कामाला उसनी घेता येते. ब्रँड यांनी आणखी एक वाट काढली. मनगट वर उचलणारे स्नायू या रोगात बहुधा शाबूत राहतात. त्यातल्या एकाला पायातली बारीक, लांब कंडरा जोडायची. ती काढली तरी चालताना काही अडत नाही. तिची चार टोकं करून तळहातातून चार बोटांपर्यंत न्यायची. सुमारे तीन आठवडे प्लास्टर. नंतरचे दिवस मेंदूच्या शिकवणीचे: मनगट उचलायचं मनात आणायचं, आणि बोटं मुळाशी वाकतात. आधी तेल लावून, व्यायामाने सांधे मोकळे केलेले नसतील, तर उत्तम शिवलेली कंडराही वाया जाते.

शस्त्रक्रियेने पकड येते, गेलेली जाणीव येत नाही. महारोगात बोटं झडतात, हा आपल्याकडचा जुना समज खोटा आहे. दुखतच नाही म्हणून हात भाजतो, कापतो, जखम चिघळते आणि हाड झिजतं. तव्याची धग इथे डोळ्यांनीच ओळखावी लागते.

आज बहुविध औषधोपचाराने रोग पूर्ण बरा होतो. लवकर उपचार झाले तर बोटं वाकायची वेळही येत नाही. त्या काळी मात्र नुसता हात दुरुस्त होऊन भागत नव्हतं. ब्रँड यांच्या पहिल्या रुग्णांपैकी एकाची बोटं सरळ झाली, तो घरी गेला आणि हडकून परत आला. हात बरे दिसू लागल्याने भीक कमी झाली होती आणि अंगावरच्या खुणांमुळे काम कुणी देत नव्हतं. म्हणून वेल्लोरला वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातच झोपड्या उभ्या राहिल्या, सुतारकामाची शाळा निघाली. तिथे दुरुस्त हातांत पहिल्यांदा रंधा आला.