मग तुम्ही काय म्हणालात?

माझं माहेर अमरावतीकडचं आणि सासर कोल्हापूरकडचं. म्हणजे तसं एकाच महाराष्ट्रातलं. पण लग्न होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच कळलं, की आपण फार लांब येऊन पडलोय! त्या दिवशी मी सासरी पहिल्यांदाच एकटीनं स्वयंपाक करत होते. भाजी गॅसवर होती आणि धाकटे दीर बाहेर निघाले होते. म्हटलं, "भावजी, येताना पाच रुपयांचा सांभार आणा ना." भावजी "बरं वहिनी" म्हणाले, परत फिरून फडताळातली किटली घेतली आणि अर्ध्या तासानं स्टँडजवळच्या उडप्याकडून किटलीभर गरम सांबार घेऊन हजर! वर पाच रुपयांत एवढं येईना म्हणून पदरचे पंधरा रुपये घातलेले.

आमच्या विदर्भात कोथिंबिरीला सांभार म्हणतात, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मग काय, हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. मीही हसले. प्रसंगच तसा होता हो! पण तेव्हापासून मी त्या घरातली 'सांभारवाली' झाले. मी 'काऊन' म्हटलं, 'करून राहिले' म्हटलं, की जावा-नणंदा तोंडाला पदर लावायच्या. लग्न असो, बारसं असो, नवा पाहुणा आला की भावजींची किटली निघायचीच. अशी 24 वर्षं गेली. आधी मी मनापासून हसायचे, नंतर सवयीनं हसायला लागले. ते कधी बदललं, माझं मलाही आठवत नाही.

हे सगळं आज सांगायचं कारण आमच्या जर्मन विहीणबाई.

थोरल्या जाऊबाईंची लेक, म्हणजे माझी पुतणी, शिकायला जर्मनीत गेली आणि तिथलाच नवरा करून बसली. गेल्या डिसेंबरात दोघं सुट्टीला आले, ते सासूला बरोबर घेऊनच. सत्तरीच्या बाई, उंच, पांढरे कापलेले केस, आणि चेहरा असा कोरा, की हसतात की रागावल्यात काही कळायचं नाही. आम्ही आधीच ठरवून टाकलं होतं, जर्मन माणसं म्हणजे शिस्तीची, त्यांना विनोद कळत नाही. (हे आम्हाला कुणी सांगितलं, देव जाणे!)

पहिल्याच दिवशी चहावरून गोंधळ झाला. बाई जर्मनीच्या अगदी वायव्य टोकाला, समुद्रकाठच्या ऑस्टफ्रीजलंड भागातल्या. बाकीचा जर्मनी कॉफी पितो, हे लोक मात्र चहावाले. माणशी वर्षाला सुमारे 300 लिटर चहा रिचवतात म्हणे. आपल्याकडच्या टपरीवाल्यालाही चक्कर येईल! कपात आधी खडीसाखरेचा खडा, त्यावर कडक चहा, तो ओतला की खडा तडतडतो, मग कडेनं अलगद साय सोडायची आणि ढवळायचं मात्र नाही. निदान तीन कप घ्यायचेच, आणि पुरे झालं की चमचा कपात उभा ठेवायचा. ती खूण.

आता ही खूण आमच्या सासूबाईंना कशी कळावी? बाई बिचाऱ्या कपात चमचा ठेवून स्वस्थ बसल्या, की सासूबाई म्हणायच्या, "बघा, चमचा तयार ठिवलाय, आनखी पायजे तिला," आणि ओतायच्या. सातव्या कपाला पुतणी बाहेरून आली म्हणून बाई वाचल्या. खुलासा झाला तेव्हा त्या कोऱ्या चेहऱ्याच्या बाई इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. सासूबाईंनी पाठीवर थापट्या मारल्या. तिथून दोघींची गट्टी!

31 डिसेंबरच्या रात्री बाईंनी हट्टच धरला, की आमच्याकडे आज एक नाटुकलं बघतातच, ते लावा. पुतणीनं टीव्हीला लॅपटॉप जोडला. 'डिनर फॉर वन' नावाचं, जेमतेम अठरा मिनिटांचं, काळंपांढरं. 1963 साली हॅम्बुर्गच्या टीव्हीवाल्यांनी इंग्रज नटांना घेऊन चित्रित केलं, तेही इंग्रजीतच. जर्मनीत वर्ष सरताना घरोघर ते बघतात, संवाद तोंडपाठ. आणि गंमत अशी, की नट इंग्रज, भाषा इंग्रजी, पण खुद्द इंग्लंडच्या टीव्हीवर ते पहिल्यांदा दिसलं 2018 साली! पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

गोष्ट एवढीच, की एका म्हातारीचा नव्वदावा वाढदिवस आहे. टेबलावर तिच्या चार जुन्या मित्रांच्या जागा मांडल्यात, पण ते चौघंही केव्हाच वारलेत. म्हातारा नोकर प्रत्येकाच्या खुर्चीपाशी जातो, त्यांच्या वाटची दारू आपणच पितो, झिंगतो आणि जाता-येता जमिनीवरच्या वाघाच्या कातड्याला अडखळतो. बाई आणि जावई खो खो हसत होते. आमच्या सासूबाई मात्र गंभीर. शेवटी न राहवून म्हणाल्या, "आन् ती चार ताटं मेलेल्या मानसांची? म्हातारी एकटीच जेवती व्हय गं?"

पुतणीनं भाषांतर केलं. खोलीत एकदम शांतता. विहीणबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं बघते आहे, पण मी कधी असा विचारच केला नाही." सासूबाईंना वैधव्य येऊन अकरा वर्षं झालीत, विहीणबाईंनाही सहा-सात झाली असतील. मला वाटलं, झालं, आता हा कार्यक्रम रडारडीत संपणार! पण तेवढ्यात तो नोकर पुन्हा वाघाच्या डोक्याला अडखळला आणि सासूबाईच फिस्सकन हसल्या. माणूस धडपडला की हसू येतं, त्याला भाषांतर लागत नाही.

नाटुकलं संपलं आणि भावजींना जोर चढला. त्यांनी आपली किटली काढली. पुतणी लहानपणापासून ऐकत आलेली, तिनं हसत हसत सगळं जर्मनमध्ये सांगितलं. विहीणबाईही हसल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी सहज विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे त्यांनी तुमच्या बोलीची चेष्टा केली. तुम्ही त्यांच्या बोलीची काय केली?"

खरं सांगते, मला उत्तरच सुचेना. चोवीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, मीही स्वतःला विचारला नव्हता.

मग त्यांनी आपली कथा सांगितली. जर्मनीत बावळटपणाचे विनोद सांगायचे झाले, की ते ऑस्टफ्रीजलंडच्या माणसांवर सांगतात. साठच्या दशकाच्या अखेरीस शेजारच्याच भागातल्या एका शाळेच्या मुलांनी आपल्या अंकात हे सुरू केलं आणि सत्तरच्या दशकात त्याची देशभर साथ आली. बाई तेव्हा हॅम्बुर्गला कॉलेजात. गावाचं नाव सांगितलं, की वर्ग हसायचा. म्हणे, दिवा बदलायला आमची किती माणसं लागतात? पाच. एक टेबलावर उभा राहून दिवा धरणार आणि चौघं टेबल फिरवणार!

"अहो, हा तर सरदारजीचा!" भावजी ओरडले.

आता यात काय ते बघा. हाच विनोद इंग्लंडात आयरिश माणसाचा होतो, फ्रान्समध्ये बेल्जियमच्या माणसाचा, कॅनडात न्यूफाउंडलंडच्या माणसाचा. नाव तेवढं बदलायचं. क्रिस्टी डेव्हिस नावाच्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञानं देशोदेशीचे असे विनोद गोळा करून 1990 मध्ये एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं, बावळटपणाचे विनोद माणसं अगदी परक्यांवर फारसे करत नाहीत. करतात ते आपल्यासारख्याच दिसणाऱ्या, आपल्यासारखंच पण जरा वेगळं बोलणाऱ्या, कडेला राहणाऱ्या शेजाऱ्यावर. वाचलं आणि मला माझं सासरच दिसलं! मी तमिळ किंवा बंगाली असते, तर त्यांनी माझे शब्द कौतुकानं विचारून घेतले असते. मी मराठीच, पण सांभार म्हणणारी. म्हणून हसू.

आपल्याकडे सरदारजींच्या विनोदांवरून प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. एका शीख वकील बाईंनी या विनोदांवर बंदी घालावी म्हणून अर्ज केला होता. 2017 मध्ये कोर्टानं सांगितलं, की लोकांनी कसं वागावं याचे नैतिक नियम आम्ही घालून देऊ शकत नाही. मला कोर्टाचंही पटतं आणि त्या बाईंचंही. बंदीनं हसू थांबत नाही. पण रोज ज्याच्यावर हसतात त्यानं काय करायचं?

ऑस्टफ्रीजलंडच्या लोकांनी काय केलं, तर ते विनोद स्वतःच सांगायला लागले, आणि वर शहरवाल्यांवर आपले दोन टाकायला लागले. तिथल्या एम्डेन गावचा ओटो वाल्केस नावाचा मुलगा आपण तिकडचे आहोत हेच मिरवत जर्मनीतला सगळ्यात लाडका विनोदवीर झाला. विहीणबाई म्हणाल्या, "कुणी हसायच्या आत मीच विनोद सांगायचे, आणि लगेच विचारायचे, आता तुमचा सांगा."

आफ्रिकेत तर याची रीतच आहे. माली देशात काही आडनावांचं एकमेकांशी पिढ्यान् पिढ्या थट्टेचं नातं असतं. त्राओरे आडनावाचा माणूस दियारा आडनावाच्या माणसाला बाजारात भेटला, ओळख असो वा नसो, तरी म्हणणार, "काय रे घेवडे खाणाऱ्या!" आणि तो उलट म्हणणार, "घेवडे खाणारा तू, तुझा बाप!" यावर रागवायचं नाही, हा नियम. भांडण मिटवायलासुद्धा ही थट्टा वापरतात. शेजारच्या नायजर देशातल्या अशाच प्रथेला 2014 साली युनेस्कोनं जगाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. शिवी एकच, घेवड्याची, पण दोघांनीही एकमेकांना द्यायची!

आपल्याकडेही ही सोय अगदीच नव्हती असं नाही. इकडे हादग्याची गाणी, आमच्याकडे भुलाबाईची. त्यात सासूपासून नवऱ्यापर्यंत कुणाची म्हणून खैर नसते. नाथांच्या भारुडातली सून तर देवीला साकडं घालून सगळ्या सासरचा काटा काढायला निघते. पण हे गाण्यात चालायचं. फेर संपला, की पुन्हा चूल आणि गप्प.

आमच्या बचत गटातली एक बाई आठवते. नवरा चारचौघांत तिला 'आमची म्हैस' म्हणायचा. पाहुणे हसायचे, तीही हसायची. एकदा जेवणाच्या पंगतीत तिनं हसत हसत म्हटलं, "म्हैस खरी, पण मालकाच्या डोक्यावरचं गवत तेवढं खाऊन संपवलंय मी." पंगत खळखळून हसली. नवऱ्याला टक्कल आहे. त्यानं भरलं ताट भिरकावलं आणि घरी गेल्यावर हात उचलला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी-तिघी गेलो, तर तो म्हणाला, "अहो, मी तर गंमत करतो. ती मात्र इज्जत काढते." त्याला आम्ही एवढंच विचारलं, की बाबा, दोन्हींत फरक काय तो सांग. त्यानं अजून सांगितलेला नाही. बाई गटात येते, मीटिंगमध्ये मोठ्यानं हसते, पण घरात आता ती काही बोलत नाही. त्याचं मला फार लागतं.

माझं सासर तसं नाही. कुणी कधी वाईट बोललं नाही, आजारपणात याच जावांनी माझं सगळं केलं. म्हणूनच कदाचित इतकी वर्षं वाटलं, की एवढ्यातेवढ्याचं काय मनावर घ्यायचं.

विहीणबाई जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गेल्या. संक्रांतीला नणंदबाई आल्या, घर भरलं. भावजींच्या होणाऱ्या सूनबाई आल्या होत्या, पुण्याच्या. म्हणजे नवा श्रोता! भावजींनी खुर्ची पुढे ओढली. "तर काय झालं, वहिनी नव्या होत्या…"

मी तिळगुळाची वाटी खाली ठेवली. छाती धडधडत होती, उगाच का लपवू? म्हटलं, "भावजी, आज माझी गोष्ट आधी. माझ्या बाबांनी मला सांगितलं होतं, घरात सासू आहे, दोघी जावा आहेत, नणंद आहे. मी येऊन बघते, तर घरात एक बाई नाही! सासूबाई म्हणतात 'मी आलो', जाऊबाई म्हणतात 'मी जातो', नणंदबाई म्हणतात 'मी जेवलो'. एवढी पुरुषमाणसं बघून मी महिनाभर डोक्यावरचा पदर खाली घेतला नाही बाई!"

कुणी काही बोलेना. भावजी तोंड उघडं ठेवून बसलेले. नणंदबाईंनी आईकडे बघितलं. नवी मुलगी गालात जीभ घालून खाली बघत होती.

सासूबाईंचे खांदे हलायला लागले. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "चोवीस वर्सं लागली व्हय गं तुला?" मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "बस तू. आज च्या मी टाकतो."

आणि स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला, "आन् सांभार घालू का गं च्यात?"