चार चाकांचा घेर

आमच्या घरी दर चवथीला एक वाद ठरलेला असतो: चोर्ल्यातून जायचं की आंबोलीतून. मी आंबोली म्हणते, हे चोर्ला म्हणतात आणि शेवटी आम्ही चोर्ल्यातूनच जातो. ह्यांचं मूळ घर सत्तरीत. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी असा सरळ रस्ता असताना आंबोलीचा वळसा घेणं हे ह्यांच्या लेखी डिझेलचं पाप. गेल्या वर्षी मात्र वाद रस्त्यावरून झालाच नाही. तो झाला टायरवरून, आणि तो मी चवथीच्या आधी घालायला हवा होता.

गाडी आमची जुनी डस्टर, चारही चाकांना ओढ देणारी, म्हणजे ऑल व्हील ड्राइव्हवाली. मुलानं सेकंडहँड घेऊन दिली. घेताना त्याच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती. डांबरी रस्ता संपल्यावर आमच्या गावच्या घरापर्यंत तांबड्या मातीची एक चढण आहे. दोनशे पावलांचीच असेल, पण पावसात तिच्यावर साबण लावल्यासारखी गाडी घसरते. सासूबाईंना चौऱ्याऐंशीव्या वर्षी तेवढं अंतर चालवत नाही आणि चवथीला गावी न जाणं त्यांना मान्य नाही.

गाडीचा आधीचा मालक हौशी. त्यानं कंपनीच्या सोळा इंची रिमा काढून सतरा इंची अलॉय चढवले होते. मूळ रिमा मात्र जपून ठेवल्या होत्या, त्या व्यवहारात आम्हाला मिळाल्या आणि माळ्यावर जाऊन बसल्या. जुलैच्या पावसात खानापूरकडून येताना डाव्या बाजूची दोन्ही चाकं एकाच खड्ड्यात आपटली. दोन अलॉय वाकले, दोन टायर फाटले.

आमच्या नेहमीच्या दुकानदारानं लगेच तोड काढली. शाबूत राहिलेली दोन सतरा इंची चाकं पुढं घातली आणि मागं माळ्यावरच्या सोळा इंची रिमा. त्या रिमांना लागणारे २१५/६५ आर १६ मापाचे टायर मात्र त्याच्याकडे नव्हते. २०५/६० आर १६ होते, कुणाच्या तरी गाडीचे काढलेले, जवळजवळ नवे. "रिम सोळाची, टायरही सोळाचा. चवथ होऊ दे, मग बदलू," असं तो म्हणाला. ह्यांना ते लगेच पटलं. चार टायर घ्यायचे म्हणजे एका महिन्याच्या पेन्शनला कात्री, आणि इथं दोन टायरात काम भागत होतं. गाडी मला मागून जराशी बसल्यासारखी वाटली, पण मी बोलले नाही. तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं आणि समोर दिसणारी दोन वर्तुळं मोजली नाहीत!

चवथीच्या आदल्या दिवशी निघालो. मागं माटोळीचं सामान, त्याच्या शेजारी सासूबाई. कणकुंबीच्या अलीकडे डॅशबोर्डवर ऑल व्हील ड्राइव्हचा दिवा लागला. "पाणी गेलं असेल कुठं तरी," असं म्हणून हे चालवत राहिले. घाटात काही झालं नाही. झालं ते घराच्या चढणीवर. अर्ध्यावर पुढची चाकं जागच्या जागी गरगरली, मागची नुसतीच गोल दगडासारखी उभी, आणि गाडी मागं सरकायला लागली. पाच-सहा फूटच सरकली असेल. चिऱ्यांच्या गडग्याला मागचा बंपर टेकला म्हणून थांबली. गडगा नसता तर खाली व्हाळ होता. सासूबाई ओरडल्या नाहीत. "मला हंगाच देंवय," एवढंच म्हणाल्या. वाड्यावरच्या पोरांनी त्यांना खुर्चीत बसवून वर नेलं.

दीड दिवसाचं विसर्जन झाल्यावर मी पुतण्याला हाताशी घेतलं आणि अंगणातल्या सपाट फरशीवर गाडी उभी केली. चाक जिथं जमिनीला टेकतं तिथं टायरवर आणि फरशीवर खडूनं खूण केली. टायरवरची खूण पुन्हा खाली येईपर्यंत गाडी ढकलली आणि फरशीवर दुसरी खूण केली. दोन खुणांमधलं अंतर शिंप्याच्या टेपनं मोजलं. पुढचं चाक एका फेरीत २०८ सेंटिमीटर जात होतं, मागचं १९९. फरक नऊ सेंटिमीटर.

नऊ सेंटिमीटर ऐकायला काहीच नाही. पण एका किलोमीटरला पुढच्या चाकाच्या ४८१ फेऱ्या होतात आणि मागच्याच्या ५०३. म्हणजे दर किलोमीटरला मागची चाकं बावीस फेऱ्या जास्त घेतात. बेळगाव ते साखळी साधारण ऐंशी किलोमीटर धरलं तर सतराशेच्या वर जादा फेऱ्या.

साध्या गाडीत याचं फारसं बिघडत नाही. तिथं इंजिन एकाच जोडीला फिरवतं, दुसरी जोडी आपली मागून येते. पुढच्या आणि मागच्या चाकांची एकमेकांशी ओळखही नसते. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये मात्र गाडीच्या पोटाखालून एक लांब दांडा मागच्या चाकांपर्यंत जातो. आमच्यासारख्या गाडीत मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी एक कपलिंग असतं. पुढची चाकं घसरायला लागली की ते आवळतं आणि ताकद मागं पाठवतं. ते हे ठरवतं चाकांच्या वेगातल्या फरकावरून. आता फरक घसरल्यामुळं नसून टायरच लहान असल्यामुळं असेल, तर बिचाऱ्यानं काय समजायचं? शाळेतली तीन पायांची शर्यत आठवा. दोन मुलांचे पाय बांधलेले आणि एकाची ढांग दुसऱ्यापेक्षा मोठी. दहा पावलं जमेल. ऐंशी किलोमीटर तसंच पळवलं तर पट्टी काचणार, तापणार.

गाडीच्या पुस्तिकेत हे छापलेलं आहे, आम्हीच वाचलं नव्हतं. पुढच्या-मागच्या चाकांच्या मापात मेळ नाही असं यंत्रणेला आढळलं की ती स्वतःच मागची ओढ बंद करते आणि दिवा लावते. कणकुंबीला लागला तो हाच दिवा. त्यानं कपलिंग वाचवलं, पण चढणीवर आमच्याकडे दोनच चाकांची गाडी उरली, तीही पुढं अर्धे झिजलेले टायर असलेली.

ह्यांची बाजूही सांगायला हवी. ह्यांनी नोकरीत वर्षानुवर्षं जीप चालवली. तिला चिखलात टाकायचा वेगळा लिव्हर होता, डांबरावर आलं की तो काढून टाकायचा. चिखलात चाकाला घसरायला जागा मिळते, त्यामुळं मापातला थोडा फरक जमीनच पोटात घालते. टायर मिळेल तो, मिळेल तसा, जोडीजोडीनं बदलायचा ही सवय तिथली. यंत्र बदललं, सवय तीच राहिली.

बेळगावला परतल्यावर अलाइनमेंटवाल्याकडं जाण्याआधी मी वही घेऊन बसले. टायरवरच्या आकड्यांची भानगड एकदा कळली की सोपी आहे. २१५/६५ आर १६ यात २१५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के इतकी बाजूच्या भिंतीची उंची. १६ हा रिमचा व्यास, तो मात्र इंचात. (एकाच ओळीत दोन मापनपद्धती! पोरांनी पेपरात असं लिहिलं असतं तर मी गुण कापले असते.) भिंत वर एकदा आणि खाली एकदा येते, म्हणून तिची दुप्पट करायची, त्यात रिमचा व्यास मिलिमीटर करून मिळवायचा. कंपनीच्या मापाचा व्यास येतो ६८६ मिलिमीटर. आधीच्या मालकाच्या अलॉयवर २१५/६० आर १७ होते, त्यांचा येतो ६९०. फरक फक्त चार मिलिमीटर, म्हणजे त्या माणसानं हौस केली ती हिशेबानं. रिम एक इंचानं वाढवली तशी भिंत कमी केली. आणि आमच्या २०५/६० आर १६ चा व्यास ६५२. रिम तीच म्हणून चाक तेच, असं आम्ही धरलं होतं.

अंगणातलं माप या हिशेबापेक्षा थोडं कमी येतं, कारण गाडीच्या वजनानं टायर खाली दबतो. म्हणून कागदावरचं माप कागदावरच्याशी आणि फरशीवरचं फरशीवरच्याशीच ताडून बघावं.

पुढं-मागं वेगळी चाकं असूच नयेत असंही नाही. बीएमडब्ल्यू एक्स-फाइव्ह ही चारही चाकांना ओढ असलेली गाडी. तिला कंपनीच काही वेळा पुढं २७५/४० आर २० आणि मागं ३१५/३५ आर २० देते. मागचा टायर चार सेंटिमीटर जास्त रुंद. पण व्यास काढा: पुढं ७२८, मागं ७२८.५. रुंदी हवी तेवढी बदलली, घेराला धक्का लावला नाही.

मग मला एक गंमत सापडली आणि तिच्यावरून घरात पुन्हा दोन दिवस वाद झाला. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते. आमच्या पुढच्या सतरा इंची टायरांची चारच उरली होती. नक्षी चार मिलिमीटरनं झिजली की व्यास आठनं कमी होतो, म्हणजे ६९० चे ६८२. आता मागं त्याच मापाचे नवे २१५/६० आर १७ घातले असते तर ६९० आणि ६८२, फरक आठचा. उलट सोळा इंची रिमांवर नवे २१५/६५ घातले तर ६८६ आणि ६८२, फरक चारचा. आकडे वेगळे असलेली जोडीच जास्त जुळत होती! "बघ," हे म्हणाले, "दोनच टायर."

त्यांचं गणित चुकलं नव्हतं. एवढा फरक यंत्रणेनं कदाचित चालवूनही घेतला असता. पण तो त्या दिवसापुरता होता. पुढचे टायर वळणावर आणि ब्रेकवर आधी झिजतात, म्हणजे फरक वाढतच जाणार. शिवाय चढणीवर घसरले होते ते हेच अर्धे झिजलेले टायर. कायद्यानं १.६ मिलिमीटरपर्यंत चालतात हे खरं, पण कायदा आमच्या चढणीवर येत नाही. आणि अलाइनमेंटवाल्यानं आणखी एक गोष्ट दाखवली, जी माझ्या वहीत नव्हती. टायरवर मापानंतर एक आकडा असतो, वजन पेलण्याचा. कंपनीच्या टायरवर ९८ होता, म्हणजे एका टायरला ७५० किलो. आमच्या सतरा इंचीवर ९६, म्हणजे ७१० किलो. पाच माणसं आणि माटोळीचं सामान घेऊन घाट चढताना हा आकडा मूळच्यापेक्षा कमी असू नये.

अमेरिकेतल्या भाच्याला फोन केला तर त्यानं वेगळंच ऐकवलं. त्याची सुबारू. तिच्या चारही टायरांच्या घेरात पाव इंचापेक्षा, म्हणजे सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. एकच टायर फाटला तर तिकडं नवा टायर आणून त्याची नक्षी मुद्दाम तासून बाकीच्या तिघांइतकी करून देतात. नवा टायर पैसे देऊन झिजवून घ्यायचा! हे ऐकल्यावर ह्यांनी चार टायरांना होकार दिला. दोन टायर वाचवायच्या नादात एखादा तासून घ्यावा लागेल अशी धास्ती त्यांनी घेतली असावी.

चारही मूळ रिमांवर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे २१५/६५ आर १६ चढवले. स्टेपनी पहिल्यापासून त्याच मापाची होती, ती तशीच ठेवली. मागच्या डिफरन्शियलचं तेल बदलून घेतलं; जळका वास नव्हता. दुकानाच्या दारातच मी खडू काढला तेव्हा तिथली पोरं हसली, पण त्यातल्याच एकानं टेपचं दुसरं टोक धरलं. चारही चाकांचा घेर दोन-तीन मिलिमीटरच्या आत आला. एक चाक जरा कमी भरत होतं, त्यात हवा कमी निघाली. दिवा त्यानंतर लागलेला नाही.

आता आठ हजार किलोमीटर झाले की पुढचे टायर मागं आणि मागचे पुढं करून घेतो, म्हणजे चौघं बरोबरीनं म्हातारे होतील. मध्येच एखादा फाटलाच तर स्टेपनी लावायची, नॉब दोन चाकांवर फिरवायचा आणि सावकाश घरी यायचं, एवढं ह्यांनी डॅशबोर्डच्या कप्प्यात कागदावर लिहून ठेवलंय. खडूही तिथंच आहे.

शाबूत राहिलेले दोन अलॉय माळ्यावर गेले. भंगारवाल्यानं दोनदा विचारलं, पण हे द्यायला तयार नाहीत. म्हणतात, आणखी दोन मिळाले तर?