पत्रांची एकच फाइल
नातेपुत्याच्या घरातला जुना संगणक उघडला, की परदेशी गेलेल्या मुलांची पत्रे बहुधा ‘पीएसटी’ या एकाच फाइलीत असतात. आउटलुक २००२पर्यंत तिची मर्यादा २ गिगाबाइट होती. ती ओलांडली की फाइल बिघडे. मग ती कापूनच लहान करावी लागते आणि कोणती पत्रे जातील हे आपल्या हाती नसते. म्हणून आधी नक्कल करावी. ‘स्कॅनपीएसटी’ हा दुरुस्ती-प्रोग्रॅमही मूळ फाइलच बदलतो. मात्र उघडलेल्या पत्रात रोमन अक्षरांची खिचडी दिसली, तर ते गेले असे समजू नये. युनिकोडपूर्व मराठी फाँट रोमन अक्षरांच्याच जागा वापरत. तोच फाँट बसवला की मजकूर वाचता येतो. अशी धडधाकट पत्रे घाईने पुसणे मला फाइल बिघडण्यापेक्षा वाईट वाटते.