माहेरानें घ्यावयाचा धडा

घरांत स्त्रियांवर होणारी हिंसा ओळखावी कशी आणि थांबवावी कशी, याचे पाठ अलीकडे मोबाइलवर घरबसल्या मिळूं लागले आहेत. सोय उत्तम आहे. जन्मभर खडू हातीं धरलेल्या माझ्यासारख्या मास्तराला तिचें कौतुकच वाटतें. परंतु हे पाठ घ्यावयाचे कोणीं? जिला मार बसतो तिनें, असें आपण न बोलतां गृहीत धरतों. तें गृहीत तपासून पाहावें, म्हणून आज बोलावयास बसलों आहें.

२०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतल्या १८ ते ४९ वर्षांच्या विवाहित स्त्रियांपैकीं सुमारें एक चतुर्थांश स्त्रियांनीं पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचें सांगितलें. याहून भयंकर आंकडा पुढेंच आहे. देशभर अशी हिंसा सोसलेल्यांपैकीं शेंकडा ७७ जणींनीं ती कधीं कोणापाशीं बोलूनही दाखविली नाहीं. मदत मागितली ती अवघ्या १४ जणींनीं. आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींनीं पोलिसांचें नव्हे, वकिलाचेंही नव्हे, तर आपल्याच माणसांचें दार ठोठावलें.

त्याच पाहणींत देशांतल्या शेंकडा ५४ स्त्रियांजवळच स्वतः वापरावयाचा मोबाइल होता, आणि इंटरनेट कधीं तरी वापरलेल्या स्त्रिया शेंकडा ३३ होत्या. आमच्या हिंगोलीकडे, सेनगांव-औंढ्याच्या खेड्यांतून, पुष्कळ घरीं चांगला फोन एकच असतो आणि तो पुरुषाच्या खिशांत असतो. फोनवर काय पाहिलें याची नोंदही मागें राहते. जो मारतो त्याच्याच खिशांतल्या यंत्रावर तिनें मारापासून वांचण्याचा धडा गिरवावा तरी कसा?

म्हणून हा धडा आधीं आपण घ्यावयाचा आहे. बापानें, भावानें, आईनें. पुण्यास दिलेली मुलगी फोनवर "बरं आहे" म्हणते; तिच्या शेजारीं कोण बसलें आहे हें आपणांस दिसत नाहीं. कधीं धीर करून ती दोन शब्द जास्त बोललीच, तर आपलें उत्तर तयार असतें: भांड्याला भांडें लागायचेंच, दिल्या घरीं सुखी राहा. त्या ७७ जणींचें मौन घडविण्यांत या दोन वाक्यांचा वांटा मोठा आहे, असें माझें स्पष्ट मत आहे.

धडा कोठून घ्यावा? मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस, कायद्याचा पंडित नव्हे. पण मला या विषयावरचें उत्तम क्रमिक पुस्तक एका सरकारी नमुन्यांत सांपडलें. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचें संरक्षण करणारा कायदा २००५ सालीं झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलांत आला. त्याच्या नियमांबरोबर कौटुंबिक घटना अहवालाचा नमुना जोडलेला आहे. त्यांत चापट, लाथ, ढकलणें हें तर आहेच. पण मुलगा झाला नाहीं म्हणून टोमणे मारणें, हुंड्यावरून अपमान करणें, नोकरी करूं न देणें, घराबाहेर पडूं न देणें, अमक्याला भेटूं न देणें, आत्महत्येची धमकी देणें, औषधापाण्यास पैसे न देणें आणि तिचा पगार काढून घेणें, हेंही एकेक करून मांडलें आहे. सुनेचा पगार सासूबाईंच्या कपाटांत जातो अशीं सुशिक्षित घरें आपल्या ओळखीचीं असतील. त्यांनीं हा नमुना एकदां वाचावा. ज्याला आपण घरची रीत म्हणत होतों, त्याला तेथें दुसरें नांव दिलेलें आहे.

तक्रार केली कीं जांवई तुरुंगांत गेला, ही भीति माहेरच्यांना फार असते. ती फौजदारी वाट निराळी. १९८३ सालीं दंडसंहितेंत घातलेलें ४९८-अ हें कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ८५ व्या कलमांत आलें आहे. २००५ च्या कायद्याखालीं स्त्री मॅजिस्ट्रेटापाशीं संरक्षण मागते, राहत्या घरांतून काढूं नये असा हुकूम मागते, खर्च मागते, मुलांचा तात्पुरता ताबा मागते. तुरुंग येतो तो हुकूम मोडल्यावर. पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत ठेवावी आणि अर्ज साठ दिवसांत निकालीं काढण्याचा प्रयत्न करावा, असें कायदा सांगतो. व्यवहारांत विलंब लागतो, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. अर्ज लिहून देण्यास संरक्षण अधिकारी असतो. वकील मिळण्यासाठीं स्त्रीला उत्पन्नाचा दाखला लागत नाहीं. १९८७ च्या विधि सेवा कायद्यानें ती विनामूल्य मदतीस पात्र आहे. १८१ हा स्त्रियांच्या मदतीचा टेलिफोन आहे. जीवावर बेतलें असतां ११२.

शेजाऱ्यांविषयींही त्या कायद्यांत तरतूद आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. भिंतीपलीकडचा आवाज ऐकून कोणीही संरक्षण अधिकाऱ्यास कळवूं शकतो; सद्भावनेनें कळविणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाहीं, असें कलम ४ मध्यें स्वच्छ म्हटलें आहे.

आणि मुलीचा तसा फोन आलाच, तर जांवयाला लागलीच फोन करून जाब विचारूं नये. त्याचा राग रात्रीं तिच्यावरच निघतो. आधीं तिला विचारावें कीं, तूं आतां एकटी आहेस काय, आणि काय केलेलें तुला हवें आहे. मग पुढची गाडी धरून तिच्याकडे जावें. अंगावर व्रण असतील तर सरकारी दवाखान्यांत दाखवून कागद घ्यावा, आणि तो माहेरीं ठेवावा.